दोरावर चालणारी फेरी आणि तिच्या पलीकडचं गाव: एल्बेकाठच्या राटेनचं परीक्षण

जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातल्या राटेनला रेल्वे जाते, पण गावात जात नाही. ड्रेस्डेनहून एस-१ ही लोकल पकडली की चाळीसेक मिनिटांत ‘कूरॉर्ट राटेन’ अशी पाटी येते, उतारू भराभर उतरतात आणि उताराच्या रस्त्याने नदीकडे चालू लागतात. गाव समोरच दिसत असतं, पण मध्ये एल्बे नदी आहे आणि पूल नाही. प्रवाहाच्या खाली पिर्ना आणि वर बाड शांडाउ, या दोन गावांमधल्या वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात नदीवर एकही पूल नाही. कोकणात खाडी ओलांडणाऱ्या होडीला ‘तर’ म्हणतात, तसलीच एक इथे आहे. फरक एवढाच की ती इंजिनाशिवाय चालते.

हे परीक्षण आधी त्या फेरीबोटीचं आणि मग गावाचं. निकाल सुरुवातीलाच: फेरी पैकीच्या पैकी, गाव उत्तम, पण बहुतेक लोक ते ज्या पद्धतीने बघतात ती पद्धत वाईट. सकाळी अकराच्या गाडीने येणं, धावत बास्टाय या कड्यावरचा पूल गाठणं, फोटो काढणं आणि तीनच्या गाडीने परत. यात गर्दी सोडून फारसं काही पदरात पडत नाही.

फेरीला जर्मनमध्ये ‘गीरझाइलफेरे’ म्हणतात. ‘झाइल’ म्हणजे दोर. ‘गीर’चा गिअरबॉक्सशी काही संबंध नाही; बोटीचं नाक डावी-उजवीकडे वळण्याला खलाशांच्या भाषेत तो शब्द आहे. रचना दिसायला साधी आहे. धक्क्यापासून बरंच वर, प्रवाहाच्या येत्या बाजूला, नदीच्या तळात नांगर पक्का केलेला आहे. तिथून निघालेला लांब दोर खाली फेरीपर्यंत येतो. तो तळाला घासू नये म्हणून मध्ये तरंगते आधार दिलेले असतात. काठावरून पाहिलं की पाण्यावर त्यांची तिरकी रांग दिसते आणि पुष्कळांना ती जहाजांच्या वाटेची खूण वाटते. फेरीजवळ दोराचे दोन फाटे होतात, एक बोटीच्या पुढच्या टोकाला, एक मागच्या. नावाडी एक फाटा आखडतो आणि दुसरा सैल सोडतो. झालं, बोट प्रवाहाशी तिरकी होते, पाणी तिच्या कुशीवर दाब देतं, दोर तिला खाली वाहून जाऊ देत नाही, आणि उरलेला जोर तिला आडवं ढकलत पैलतीराला नेतो.

ज्यांनी पतंगाला कन्नी बांधली आहे त्यांना हे लगेच समजेल. कन्नीचा वरचा दोरा किंचित आखूड झाला की पतंग वाऱ्याशी वेगळा कोन करतो आणि ओढ बदलते. इथे वाऱ्याच्या जागी पाणी आहे, पतंगाच्या जागी माणसांनी भरलेली बोट. येताना फाटे उलटे: जो आखडला होता तो सैल, जो सैल होता तो आखूड. पैलतीर जवळ आला की नावाडी बोट पुन्हा प्रवाहाशी समांतर आणतो, दाब कमी होतो आणि बोट हळूच धक्क्याला लागते. हा शेवटचा वीसेक मीटरचा भाग बघण्यासारखा असतो. कोन लवकर मोडला तर बोट काठाच्या अलीकडेच रेंगाळते, उशिरा मोडला तर धक्का बसतो.

दोर लांब का, याचंही कारण आहे. फेरी सरळ रेषेत जात नाही, ती लंबकासारखी कमानीवर झुलते. कमानीचा खालचा बिंदू नदीच्या मध्याकडे असतो, म्हणजे काठाकडे जाताना बोटीला प्रवाहाविरुद्ध थोडं वर चढावं लागतं. नेमका काठाशीच प्रवाह मंद असतो. दोर आखूड असेल तर ही चढण वाढते आणि बोट धक्क्याच्या अलीकडेच दमते. म्हणून नदीच्या रुंदीपेक्षा दोर चांगलाच लांब ठेवतात. नायमेगेनच्या हेंड्रिक हॉइक या डच माणसाने १६५७ मध्ये ही युक्ती प्रत्यक्षात आणली असं मानलं जातं. साडेतीन शतकं उलटली तरी तिच्यात मुळातून बदलावं असं काही निघालेलं नाही.

गोव्याच्या फेरीबोटींच्या घरघरीची सवय असलेल्या कानांना इथली शांतता जाणवते. दोर ताणल्याचा आवाज, बोटीखालच्या पाण्याचा खळखळाट, आणि पर्यटकांची कुजबुज. बोट निघाली हेच पुष्कळांना काठ दूर गेल्यावर कळतं.

आता गैरसोयी. पहिली म्हणजे वेळ. ओलांडायला लागणारी मिनिटं नदी ठरवते, वेळापत्रक नाही. पाणी भरपूर आणि वेगात असेल तर चार-पाच मिनिटांत पैलतीर येतो. कोरड्या उन्हाळ्यात एल्बेचं पाणी उतरलं की प्रवाह मंदावतो, दाब कमी पडतो आणि बोट रमतगमत जाते. पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतारही तीव्र होतो. बाबागाडी किंवा चाकांची खुर्ची असेल तर अशा दिवसांत सोबत एक दणकट माणूस हवा.

पाणी चढलं की प्रश्न वेगळे. धक्के बुडतात, वरून येणारे ओंडके आणि फांद्या दोरात अडकतात, आणि दोरावरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की ताण चौपट. अशा वेळी फेरी बंद ठेवणं हाच शहाणपणा. सॅक्सनीत पुराच्या इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत. ड्रेस्डेनच्या मापपट्टीवर पाणी ४ मीटरला पोचलं की पहिली लागू होते. निघण्याआधी चेक सीमेवरच्या श्योनाच्या मापपट्टीचा आकडा पाहावा. ती राटेनच्या वर आहे, त्यामुळे इथे येणारं पाणी तिथे काही तास आधी दिसतं.

तिसरी गैरसोय गर्दीची. रेल्वेची एकेक गाडी माणसांचा लोंढा ओतते आणि सगळे एकाच बोटीकडे जातात. शनिवार-रविवारी दुपारी पहिली बोट हुकणार हे धरूनच चालावं. घाई करण्यापेक्षा काठावर पाच मिनिटं थांबून दोराचे फाटे कसे बदलतात ते बघावं; दुसऱ्या बोटीत जागाही मिळते. मधेच बोट थांबवून ठेवलेली दिसली तर बिघाड समजू नये. वर किंवा खाली जहाज येत असणार. दोर नदीच्या एका बाजूला आडवा आला की तेवढी वाट बंद होते, म्हणून फेरीच जहाजाला वाट देते.

तिकिटाबद्दल दोन गोष्टी. रेल्वेचं तिकीट आणि फेरीचं तिकीट हे दोन वेगळे हिशेब धरून चाला, आणि जाऊन-येऊन तिकीट एकदमच घ्या. भाडं किरकोळ आहे, पण ते नोटेने देऊ नका. खिशात नाणी ठेवा. सायकल चालते. एल्बेकाठचा प्रसिद्ध सायकलमार्ग डाव्या काठाने, म्हणजे स्टेशनच्या बाजूने जातो. त्यामुळे सायकलवाले बहुतेक वेळा इथे फक्त डोकावायला पलीकडे येतात.

गावाचे दोन भाग आहेत. स्टेशनकडचं ओबरराटेन आणि पलीकडचं नीडरराटेन. ओबरराटेनमध्ये रेल्वे, वाहनतळ आणि खेळण्यातल्या गाड्यांचं एक मोठं उघडं उद्यान. लहान मुलं असतील तर त्यात दोन तास सहज जातात. नीडरराटेन म्हणजे ज्याचे फोटो आपण पाहिलेले असतात ते. ग्र्यूनबाख नावाचा ओढा ज्या चिंचोळ्या घळीतून एल्बेला मिळतो तिच्या तोंडाशी घरं दाटीने उभी आहेत. मागे थेट वालुकाश्माचे सुळके. पर्यटकांच्या मोटारी इथे येत नाहीत. दोन्ही भाग मिळून वस्ती साडेतीनशेच्या आसपास, सॅक्सनीतल्या अगदी छोट्या ग्रामपंचायतींपैकी ही एक. कूरॉर्ट म्हणजे हवापालटाचं ठिकाण. आपल्याकडे महाबळेश्वरला जायचं जे कारण पूर्वी डॉक्टर लिहून देत, साधारण तेच.

या दगडाची थोडी ओळख असली की पुढचं सगळं नीट दिसतं. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धात, इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळूचे थर साचले आणि त्यांचा दगड झाला. पुढे जमीन उचलली गेली, दगडाला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि नदी-ओढ्यांनी त्या भेगांतूनच वाट काढली. म्हणून इथले सुळके चौकोनी, ठोकळे रचल्यासारखे दिसतात. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बसॉल्ट ओला झाला तरी हाताला दगडच लागतो, हा वालुकाश्म ओला झाला की ठिसूळ होतो. म्हणूनच पाऊस पडून गेल्यावर दगड वाळेपर्यंत चढाई करायची नाही, हा इथल्या गिर्यारोहकांचा नियम आहे. खडूची पूड नाही, भेगांत अडकवायची धातूची साधनं नाहीत. गाठी मारलेले दोर आणि कापडी पट्टे भेगेत अडकवून आधार घ्यायचा. राटेनजवळच्या म्योन्श या सुळक्यावर १८७४ मध्ये झालेली चढाई या पद्धतीच्या सुरुवातीच्या खुणांपैकी एक मानली जाते.

‘सॅक्सन स्वित्झर्लंड’ हे नाव अठराव्या शतकातलं. आड्रियान झिंग आणि आंटोन ग्राफ हे दोन स्विस चित्रकार ड्रेस्डेनच्या कला अकादमीत आले आणि त्यांना इथे आपला मुलूख आठवला, असं सांगतात. इथली शिखरं आल्प्सच्या मानाने टेकड्याच आहेत, पण नाव चिकटलं. चित्रकार ज्या वाटेने फिरत तिच्यावरून आखलेला ‘मालरवेग’ हा सुमारे ११५ किलोमीटरचा, आठ टप्प्यांचा पायमार्ग राटेनजवळून जातो.

बहुतेकांचं खरं लक्ष्य असतं ते बास्टाय. एल्बेपासून जवळजवळ १९४ मीटर उंच असा कडा आणि त्याच्या बाजूला सुळक्यांमधून गेलेला दगडी पूल. हा पूल ७६.५ मीटर लांब आहे, त्याला सात कमानी आहेत आणि खाली सुमारे ४० मीटर खोल घळ आहे. आधी १८२६ मध्ये इथे लाकडी पूल होता. पर्यटक वाढले तसा १८५१ मध्ये दगडी बांधला. तारखा जुळवून पाहा: ड्रेस्डेन ते पिर्ना रेल्वे १८४८ मध्ये, राटेनच्या पुढच्या क्योनिगश्टाइनपर्यंत १८५० मध्ये आली. एल्बेवर आगबोटींची कंपनी १८३६ सालची. पूल दगडाचा होण्यामागे वाफेचा वाटा मोठा आहे. पुलाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की तो कुठल्याशा किल्ल्याचा जुना पूल आहे. नाही. तो पहिल्यापासून पर्यटकांसाठीच बांधलेला आहे.

किल्ला आहे तो पुलाच्या पलीकडे, नॉयराटेन, आणि तोच खरा पाहण्यासारखा. लोक मात्र पुलावरून वळतात, कारण किल्ल्याला तिकीट आहे. दोन-तीन युरो वाचवून या जागेचा अर्ध्याहून जास्त इतिहास ते सोडून देतात. सॅक्सन स्वित्झर्लंडमधल्या सुळक्यांवरच्या किल्ल्यांत हा सर्वांत मोठा. आपल्या गडांसारखा तट-बुरूज इथे शोधू नका. इथे भिंतीचं काम सुळक्यांनी केलं; माणसांनी फक्त दगडात खोल्या कोरल्या, पाण्याचं टाकं खोदलं आणि सुळके लाकडी पुलांनी जोडले. लाकूड केव्हाच गेलं. उरल्या त्या तुळया बसवायला दगडात काढलेल्या खाचा. आज लोखंडी जाळीच्या पायवाटांवरून फिरताना त्या खाचांकडे बघत चाललं तर जमीन कुठल्या पातळीला होती, भिंत कुठे टेकली होती, हे आपोआप कळत जातं. घाई न करता अर्धा तास द्यावा. दगड फेकणाऱ्या गोफणयंत्राची एक प्रतिकृतीही आहे. मुलं तिथेच रेंगाळतात.

हा भाग आधी बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक बाजूच्या, राजसत्तेखाली होता. १४५९ च्या एगरच्या तहाने सॅक्सनी आणि बोहेमियाची हद्द ठरली, आणि ती रेषा आजही जवळपास तिथेच आहे. राटेन ताब्यात असलेल्या ओएल्सनिट्झ घराण्याचं सॅक्सनीच्या राजकर्त्यांशी फाटलं आणि १४६९ मध्ये किल्ला पाडाव झाला. त्यानंतर तो पुन्हा नांदला नाही. साडेतीनशे वर्षांनी कास्पर डाव्हिड फ्रीडरिश या चित्रकाराने याच सुळक्यांचं चित्र काढलं, तेव्हा किल्ला विसरला जाऊन दृश्य उरलं होतं. १८५३ मध्ये हेर्मान क्रोने याने इथे निसर्गदृश्यांची छायाचित्रं काढली. जर्मनीतली अशी छायाचित्रं त्याआधी जवळपास नाहीतच. पुलापाशी त्याच्या नावाची पाटी आहे. फोनवर फोटो काढणारे शेकडो लोक रोज तिच्याजवळून न वाचता जातात.

बास्टायच्या टोकाची जुनी जागा २०१६ मध्ये बंद करावी लागली, कारण खालचा दगड झिजत चालला होता. आता तिथे सुळक्याच्या टोकावर भार न टाकता मागून पुढे काढलेला, तरंगता वाटणारा सज्जा आहे; तो २०२३ मध्ये खुला झाला. काम नेटकं आहे. दृश्य मात्र गर्दीत दोन डोक्यांच्या मधूनच पाहायला मिळतं, त्यामुळे सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जावं. एल्बेचं वळण, समोर डावीकडे सपाट माथ्याचा लिलियेनश्टाइन, त्याच्या उजवीकडे दूर क्योनिगश्टाइनचा किल्ला, हे तेव्हा निवांत बघता येतं.

वाटेची दिशा महत्त्वाची आहे, आणि इथे प्रचलित सल्ला उलटा आहे. बहुतेक जण गावातून सरळ बास्टायला चढतात आणि श्वेडेनल्योखर या घळीतून उतरतात. उलट करावं. श्वेडेनल्योखर म्हणजे ‘स्वीडिश लोकांपासून लपायच्या कपारी’ असा अर्थ घ्या. तीस वर्षांच्या युद्धात, १६३९ मध्ये, जवळच्या राटेवाल्डे गावाचे शेतकरी स्वीडिश सैन्यापासून वाचायला इथे लपले होते. १८८६ मध्ये पर्यटकांसाठी पायऱ्या झाल्या. त्या सातशेच्या आसपास आहेत, काही दगडाच्या, काही लाकडाच्या, आणि घळीत ऊन पोचत नसल्याने शेवाळलेल्या. अशा पायऱ्या चढताना पाय घसरला तर गुडघा टेकतो, उतरताना घसरला तर पाठ टेकते. शिवाय काही ठिकाणी वाट इतकी अरुंद आहे की समोरून कोणी आलं की एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं.

तेव्हा क्रम असा ठेवावा. फेरीवरून उतरून ओढ्याच्या काठाने आम्झेलग्रुंड या घळीत शिरायचं. थोड्याच वेळात आम्झेलझे हा बांध घालून केलेला छोटा तलाव लागतो. हंगामात वल्ह्याच्या होड्या भाड्याने मिळतात. तलाव संपल्यावर डावीकडे श्वेडेनल्योखरचा फाटा. चढून वर बास्टाय, मग सज्जा, मग पूल, मग नॉयराटेन, आणि तिथून रुंद पायऱ्यांच्या वाटेने थेट गावात. पाच-सहा किलोमीटर अंतर, दोनशे मीटरच्या आसपास चढ. न थांबता दोन तास, नीट बघत गेलं तर चार. पाणी सोबत घ्यावं, कारण वर मिळतं ते पर्यटनस्थळाच्या भावाने. पायात चढउताराची पकड असलेले बूट हवेत. पांढऱ्या तळव्याचे शहरी बूट पहिल्याच ओल्या पायरीवर धडा देतात. वाट बंद असल्याचा फलक दिसला तर ओलांडू नये. अलीकडच्या कोरड्या वर्षांत सालकिड्यांनी स्प्रूसची झाडं मोठ्या प्रमाणावर वाळली आहेत, ती केव्हाही कोसळतात, आणि दगडही निखळतात. १९९० पासून इथे राष्ट्रीय उद्यान आहे. वाट सोडून फिरणं, आग पेटवणं, तंबू ठोकणं चालत नाही.

चालायची ताकद नसलेल्यांसाठी पिर्नाहून बास्टायपर्यंत बस आहे. ती सोयीची आहे, पण त्यात राटेन येतच नाही. वडीलधारी मंडळी सोबत असतील तर त्यांना बसने वर पाठवावं आणि आपण चालत जाऊन बास्टायवर भेटावं, असं करता येतं. गर्दी नकोच असेल तर स्टेशनच्या बाजूचा राउएनश्टाइन हा लांबट कडा घ्यावा. उंची साधारण बास्टायएवढीच, माणसं दहावा हिस्सा.

शेजारच्या वेलेन गावाच्या दिशेला काठावर पांढरट कापलेल्या भिंती दिसतात, त्या जुन्या खाणींच्या. इथला वालुकाश्म कापून बोटींनी ड्रेस्डेनला जायचा. तिथल्या फ्राउएनकिर्शे या चर्चसह कित्येक इमारतींत एल्बेकाठचाच दगड आहे. नवा असताना पिवळसर आणि जुना झाल्यावर काळा, हा त्याचा स्वभाव. काळेपणा नुसत्या धुरामुळे नाही, दगडातल्या लोहामुळेही येतो. बास्टायचे सुळके वाचवायचे म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली खाणकामं थांबवण्यात आली. आज त्या भिंती निसर्गाचा भाग वाटतात, त्यामुळे फोटोत सुळका कुठला आणि खाण कुठली हे ओळखण्याचा खेळ खेळता येतो.

गावातल्या घरांवर पुराच्या खुणा शोधाव्यात. १८४५, २००२, २०१३ ही सालं सॅक्सनीच्या एल्बेकाठी सगळीकडे भेटतात. १७ ऑगस्ट २००२ ला ड्रेस्डेनच्या मापपट्टीवर पाणी ९.४० मीटरपर्यंत चढलं होतं, जून २०१३ मध्ये ८.७८, आणि १८४५ मध्ये ८.७७. नेहमीचं पाणी दोन मीटरच्या आसपास असतं, हे डोक्यात ठेवून भिंतीवरच्या रेघेकडे बघा. उलटी टोकं सीमेपलीकडे डेचिनला आहेत: पाणी फारच उतरलं की उघडे पडणारे ‘उपासमारीचे दगड’, त्यांतल्या एकावर १६१६ साल कोरलेलं आहे.

खाण्याच्या बाबतीत राटेन ठीकठाक. काठावरची उपाहारगृहं जागेचे पैसे घेतात, चवीचे नव्हे. मासे खाणाऱ्यांनी ट्राउट घ्यावा. शाकाहारी लोकांनी क्वार्ककॉइलशेन मागावं: उकडलेला बटाटा आणि क्वार्क हे घट्ट दह्यासारखं दुग्धान्न मळून तव्यावर तळलेल्या गोड टिकिया, वर साखर-दालचिनी आणि सफरचंदाचा गर. एका ताटात दोघांचं भागतं. आयरशेके हा तीन थरांचा केक ड्रेस्डेनकडचाच; तो गावाबाहेर मिळणार नाही असं नाही, पण नदीकडे बघत खाण्याची मजा वेगळी. सोमवार ते गुरुवार, हंगामाबाहेर, बरीच ठिकाणं लवकर किंवा पूर्ण बंद असतात. पोटाचा बंदोबस्त ड्रेस्डेनहून करून निघालेलं बरं.

मुक्काम करावा का? करावा. चारनंतर गाव रिकामं होतं आणि तेव्हाच ते गाव वाटायला लागतं. फक्त खोली घेताना एक चूक टाळा. नदीकडची खोली महाग असते आणि तिच्या समोर, पलीकडच्या काठावर, ड्रेस्डेन-प्राग हा मुख्य लोहमार्ग आहे. मालगाड्या रात्रभर धावतात आणि दरी चिंचोळी असल्याने आवाज दोन्ही कड्यांवर आपटून परत येतो. या वाहतुकीसाठी डोंगराखालून बोगदा योजलेला आहे. तो होईपर्यंत झोप हलकी असणाऱ्यांनी ओढ्याकडची, आतली खोली मागावी. स्वस्तही पडते.

उन्हाळ्यात रात्री थांबायचं आणखी एक कारण म्हणजे फेल्झेनब्यूने, सुळक्यांच्या कुशीतलं उघडं नाट्यगृह. १९३६ मध्ये सुरू झालं, मोठी डागडुजी होऊन २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. वेबरचा ‘फ्रायश्युट्झ’ हा जंगलातल्या शिकाऱ्यांचा ऑपेरा इथे अनेकदा होतो आणि त्याला याहून बरं नेपथ्य मिळणार नाही. कार्ल माय या लेखकाच्या विनेटू या अमेरिकेतल्या मूलनिवासी नायकाच्या कथांवरची नाटकं इथली परंपरा आहे. माय राहत असे ते राडेबॉयल ड्रेस्डेनजवळच, याच एस-१ वर. जर्मन न येणाऱ्यांनी विनेटूचं निवडावं, घोडे आणि बंदुका भाषेवाचून समजतात. बसायच्या जागा कडक आहेत, रात्री घळीत गारवा उतरतो. जुलैतही शाल आणि बसायला घडी करून काही न्यावं. पाऊस आला तर छत्री उघडू नका, मागचे रागावतात. अंगावरचा रेनकोट चालतो.

ड्रेस्डेनला परतायचं तर चाकाच्या आगबोटीने जाणं जमवा. तिथल्या ताफ्यात अशा नऊ जुन्या बोटी आहेत, सर्वांत जुनी ‘श्टाट वेलेन’ १८७९ ची. प्रवाहाविरुद्ध येताना त्या फार वेळ खातात, म्हणून येताना रेल्वे आणि जाताना बोट हा क्रम बरोबर. रेल्वेने येताना डाव्या हाताची खिडकी धरावी, नदी त्या बाजूला असते. पाणी कमी झालं की उन्हाळ्यात बोटींच्या फेऱ्या रद्द होतात, तेव्हा परतीसाठी त्यांच्यावरच विसंबू नये.

नाटकाला जाणाऱ्यांनी आणि संध्याकाळी उशिरापर्यंत वर रेंगाळणाऱ्यांनी शेवटच्या फेरीची वेळ पलीकडे उतरल्याबरोबर धक्क्यावरच वाचून घ्यावी. हंगामाप्रमाणे ती बदलते आणि हिवाळ्यात लवकर येते. समोरचं स्टेशन काहीशे मीटरवर दिसतं, गाडीचे दिवेही दिसतात, पण फेरी बंद झाली की तिथे पोचायचा रस्ता लोमेन आणि पिर्नाच्या पुलावरून आहे, पंचवीस-तीस किलोमीटरचा.